हौशीराम हेडीची चारदाती चोपडी

लोणावळ्याला स्टेशनाबाहेर माझं सलून होतं आणि सलूनला एक दगडी पायरी होती. पायरी माझी, भाडं मी भरायचो, झाडून मी काढायचो. पण साठ सालानंतर कधीतरी तिच्यावर हौशीराम येऊन बसला आणि असा फतकल मारून बसला, की दाढीला आलेल्या माणसाला त्याच्या मांडीवरून उडी मारून आत यावं लागे. मी रोज सकाळी त्याला उठवायचं ठरवायचो. तो रोज सकाळी माझ्यासाठी चहा सांगून मोकळा व्हायचा.

हौशीराम उर्से गावचा हेडी, म्हणजे बैलांचा व्यापारी. सगळी उमर त्यानं बाजार पायाखाली घातले. एका बाजारात एका खोंडानं त्याच्या गुडघ्यावर अशी लाथ घातली, की पाय कायमचा ताठ झाला. जनावरं हाकत गावोगाव चालणं बंद झालं. तरी सवयीनं तो तळेगावाकडच्या बाजारात जायचा. तिथे वडाखाली जाडजूड काळी घोंगडी अंथरून सगळे हेडी बसत. एकदा हौशीराम तिथे टेकायला गेला, तेव्हा त्यांच्यातला वडीलधारा श्रीपती म्हणाला, "हौश्या, दाव्याला जनावर न्हाई, मग हितं काय काम?" श्रीपती वाईट माणूस नव्हता. जे दिसलं ते बोलला. पण हौशीराम हे मला सांगायचा तेव्हा त्याची मान खाली जायची, आणि त्याची मान खाली गेलेली मला मुळीच बघवत नसे. म्हणूनच तो पायरीवर राहिला, नाहीतर मी एवढा सोसणारा माणूस नाही.

मग भुशीकडच्या एका बंगल्याचा माळा साफ होताना तिथल्या बागवानानं इंग्रजी कॉमिकच्या चोपड्यांची गोणी बाहेर काढली. हौशीरामानं ती रद्दीच्या भावात उचलली आणि माझ्या पायरीवर ओतली. मे महिन्यात आणि दिवाळीत मुंबईची बंगलेवाली पोरं यायची, ती त्यांच्यावर तुटून पडली. हौशीरामाला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. पण विकायची वस्तू पारखायची एकच रीत त्याला ठाऊक होती, बैलाचे दात मोजून वय ठरवायची, आणि ती त्यानं चोपड्यांना लावली.

चोपडी हातात आली की तो आधी तिचं तोंड उघडून पिना बघायचा. पिना घट्ट, कोपरे टोकदार, तर ती आदत, म्हणजे अजून दुधाचे दात. कोपरे दुमडले की दोनदाती. कव्हर ढिलं झालं, की चारदाती. आणि कव्हरच गेलं तर जुळलेली, म्हणजे सगळे दात येऊन म्हातारी झालेली. तिला भाव नाही, कुणी फुकट नेली तरी उपकार. गिऱ्हाइकानं मागितलं तर चोपडी 'चालवून' दाखवायची, म्हणजे अंगठ्यानं सगळी पानं फरफर सोडायची आणि कुठे लंगडते का ते बघायचं. मधल्या पानावर शाईचा डाग असला तर ती गोम, म्हणजे अपशकुनी खूण. अशी चोपडी परीक्षेला बसणाऱ्या पोराला तो मेला तरी विकत नसे.

आणि भाव? भाव तोंडानं बोलायचा नाही. बैलबाजारात सौदा फडक्याखाली होतो. दोघांनी हात घालायचे, एकमेकांची बोटं दाबायची, बघणाऱ्याला काही कळू द्यायचं नाही. हौशीरामाला फडकं लागायचं ते माझंच. गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवतीचं फडकं ओढून तो बाहेर न्यायचा, आणि अर्धा साबण लागलेला माणूस आरशात स्वतःकडे बघत बसायचा. बाहेर मलबार हिलची गोरीगोमटी पोरं आपापल्या आयांसमोर फडक्याखाली हात घालून हौशीरामाशी डोळे मिचकावत असत. एका आईनं पोलिसाला बोलावलं होतं. पोलिसानं चौकशी केली आणि जाताना एक दोनदाती घेऊन गेला.

असं सुरळीत चाललं होतं. मग खुर्शेदबाई आल्या.

तुंगार्लीला त्यांचा छोटा बंगला. मुंबईच्या कुठल्याशा शाळेत त्या चित्रकला शिकवायच्या. आता निवृत्त होऊन इथेच राहिल्या होत्या. लढाईच्या काळात गोरे शिपाई मागे ठेवून गेले त्या कॉमिकच्या चोपड्या जमवण्याचा त्यांना भारी नाद. पर्समधून भिंग काढून त्या माझ्या पायरीशेजारी उकिडव्या बसल्या आणि एक पिवळी पडलेली चोपडी उचलून म्हणाल्या, "हौशीराम, हिचा काय घेणार?"

"ती म्हातारी हाय, बाई. चार आने द्या. न्हाईतर ऱ्हाऊ द्या, तशीच न्या."

खुर्शेदबाई सरळ बाई. त्यांनी भिंग खाली ठेवलं. "बघ, मी तुला फसवणार नाय. ही जेवढी जुनी, तेवढी महाग. अमेरिकेत लोक हिच्यासाठी भांडतात."

हौशीराम माझ्याकडे बघायला लागला. "सोपानभाऊ, बाई काय म्हनत्यात? म्हातारं जनावर महाग?"

"हो," मी म्हणालो. मला तरी कुठे ठाऊक होतं!

"आन तरनं सस्त?"

"तरणं पण चांगलं," खुर्शेदबाई म्हणाल्या, "पण म्हातारं असून तरण्यासारखं दिसलं पाहिजे. म्हणजे सगळ्यात जास्त भाव."

हे हौशीरामाच्या डोक्यात शिरलं आणि तिथेच अडकलं. म्हातारं असून तरण्यासारखं दिसलं पाहिजे! हे तर प्रत्येक हेडीचं जन्माचं काम. पुढे जो घोटाळा झाला तो ह्या एका वाक्यानं, आणि खुर्शेदबाईंना त्याची काही कल्पना नव्हती.

थोड्या दिवसांनी त्याच गोणीच्या तळाशी चिकटून राहिलेली एक चोपडी निघाली. कव्हरवर छत्री धरून गच्चीवरून उडी मारणारा एक मिशाळ साहेब. खुर्शेदबाईंनी ती बघितली आणि भिंग पुसून पुन्हा बघितली. ह्या छत्रीवाल्या कप्तानाचा हा पहिलावहिला अंक होता. त्या कित्येक वर्षं तो शोधत होत्या.

"चारदाती हाय," हौशीराम प्रामाणिकपणे म्हणाला.

"दात मोजू नकोस. भाव बोल."

भाव बोलायचा कसा? फडकं पाहिजे. पण त्या दिवशी हौशीरामाची बायको अंबूबाई भाकरी घेऊन आली होती, आणि परक्या बाईचा हात आपल्या नवऱ्यानं फडक्याखाली धरावा हे तिला साफ नामंजूर होतं. शेवटी तोडगा निघाला. खुर्शेदबाईंनी एका फडक्याखाली अंबूबाईची बोटं दाबायची, आणि अंबूबाईनं दुसऱ्या फडक्याखाली तीच खूण नवऱ्याला द्यायची. माझी दोन्ही फडकी गेली. आत दोन गिऱ्हाइकं उघड्या गळ्यानं बसली. मध्ये अंबूबाई, दोन्ही हात दोन्हीकडे, चेहरा अगदी सत्यनारायणाला बसल्यासारखा. बराच वेळ दाबादाबी झाली. एकाएकी हौशीरामानं अंबूबाईला तीच खूण पुन्हा द्यायला लावली. खुर्शेदबाईंनी एका चांगल्या डांगी जातीच्या बैलाची किंमत देऊ केली होती.

दुसरा कुणी असता तर चोपडी देऊन पैसे घेतले असते. हा थेट तळेगावाकडच्या बाजारात गेला आणि वडाखालच्या हेडींसमोर उभा राहून म्हणाला, "येत्या बाजाराला हितं, तुमच्या म्होरं, एक चोपडी बैलाच्या भावात इकून दावतो!"

घोंगडीवर एकच हशा झाला. श्रीपतीनं विचारलं, "आन न्हाई इकली तर?"

"तर माज्या गळ्यात घुंगुरमाळ बांदा आन बाजारातनं मिरवा. पर इकली, तर मला ह्या घोंगडीवर जागा द्यायची. पयल्यासारखी."

श्रीपतीनं मान हलवली. पैज लागली. मला हे सांगताना हौशीराम पैशाबद्दल अवाक्षर बोलला नाही. "पुन्ना त्यांच्यात बसंन, सोपानभाऊ," एवढंच घोकत राहिला. खुर्शेदबाईंनीही बाजारात यायला कबुली दिली. मोटार घेऊन येते म्हणाल्या.

बाजाराच्या सकाळी मी सलून उघडलं तर माझा चांगला वस्तरा जागेवर नाही. घेणारा कोण ते सांगायला ज्योतिषी नको होता. मी दुकान बंद केलं, तणतणत गाडी पकडली आणि तळेगावाकडच्या बाजारात पोचलो. वस्तरा परत घ्यायचा आणि चार शब्द सुनवायचे, एवढाच माझा बेत होता.

हौशीराम बैलांच्या रांगेच्या टोकाला बसला होता. समोर खुंटी ठोकलेली, खुंटीला दावं, आणि दाव्याच्या टोकाला लाल फडक्यात झाकलेली चोपडी. धुतलेलं धोतर, नवी टोपी. अंबूबाई शेजारी, डोक्यावर पदर. सगळे हेडी भोवती जमले होते. एकानं चोपडीपुढे वैरण टाकली.

"हौशीराम, माझा वस्तरा," मी म्हणालो.

"थांबा, सोपानभाऊ. त्याचं काम बगा आदी."

तेवढ्यात खुर्शेदबाईंची मोटार आली. शेणातून वाट काढत, स्कर्ट सावरत त्या पुढे आल्या. हौशीरामानं फडकं झटकन काढलं.

बैल बाजारात न्यायच्या आधी हेडी त्याला सजवतो. हौशीरामानं त्यात काही म्हणजे काही कमी ठेवलं नव्हतं. बैलाची शिंगं साळतात, म्हणून माझ्या वस्तऱ्यानं त्यानं चोपडीच्या चारी कडा साळल्या होत्या, त्यात कप्तानाची छत्री आणि एक पाय गेला. शिंगांना हिंगूळ लावतात, म्हणून कडांना तांबडाभडक हिंगूळ. अंगाला तकाकी यावी म्हणून कव्हराला करडीचं तेल चोळलेलं, त्यामुळे कव्हरातून आतल्या पानावरचा चोर डोकावत होता. गंजक्या पिना काढून नव्या वेसणीच्या दोरीनं शिवण घातली होती. आणि दृष्ट लागू नये म्हणून वर काळ्या दोऱ्यात एक कवडी.

"म्हातारी असून तरनी दिसती का न्हाई, बाई?" हौशीरामानं विचारलं. त्याच्या तोंडावरचा आनंद बघून मी वस्तऱ्याचं नाव काढलं नाही.

खुर्शेदबाई सरकी पेंडीच्या पोत्यावर बसल्या. भिंग काढलं, परत आत ठेवलं. "हे कोणी केला?"

"म्या सोता. कालची आख्खी रात घातली."

"हौशीराम, हिला आता चार आणे पण कोणी देणार नाय रे."

हौशीराम हसला. त्याला वाटलं, बाई घासाघीस करतायत. त्यानं लगबगीनं अंबूबाईकडे फडकं सरकवलं. पण बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि सौद्यात पाणी काढणारं गिऱ्हाईक त्यानं सगळ्या उमरीत बघितलं नव्हतं. त्याचं हसू हळूहळू गेलं. "माजं काय चुकलं?" त्यानं अगदी हळू विचारलं. बाईंनी सांगितलं: कागदाला हात लावायचा नसतो. जसा आहे तसाच ठेवायचा, गंजासकट, वासासकट. कुणी सुधारायला गेलं की संपलं.

मग त्यांनी डोळे पुसले आणि पर्स उघडली. "पण मी बोट दिला होता. शबद तो शबद. हे घे पैसे."

हौशीरामानं हात पुढे केला असता तर पैज जिंकलीच होती. बैलाची किंमत समोर होती आणि घोंगडी दहा पावलांवर. अंबूबाईनं त्याला कोपरानं ढोसलंसुद्धा. मी मनात म्हणालो, घे बाबा, घे, जन्मभर मला ऐकवशील ते ऐकवशील.

हौशीरामानं हात मागे घेतला. "न्हाई बाई. इकल्यावर खोड निगाली तर जनावर माघारी घ्यायचं, ही आमची रीत हाय. हितं तर खोड म्याच लावली. पैसं घेतलं तर म्या कसला हेडी?"

आणि तो ताठ पाय ओढत श्रीपतीपुढे गेला आणि मान वाकवून उभा राहिला. श्रीपतीनं एका बैलाच्या गळ्यातली घुंगुरमाळ सोडली आणि त्याच्या गळ्यात बांधली. पोरंसोरं ओरडली, हलगीवाला पुढे झाला, आणि हौशीरामाची मिरवणूक निघाली. खरं सांगतो, मला ते बघवेना. पण ह्या गड्याला लाज वाटेल तर शपथ! चार पावलं गेला आणि त्यानं मान डोलवली. आणखी चार पावलांनी एका गिऱ्हाइकापुढे जबडा उघडून दात दाखवले. "बगा, जुळलेला हाय! एक पाय अदू, खोड एकच, बडाया लय मारतो!" सगळा बाजार पोट धरून हसत होता. खुर्शेदबाई पोत्यावरच हसून हसून वाकल्या. फेरी वडाखाली आली तेव्हा त्या उठून पुढे आल्या आणि श्रीपतीला त्यांनी खास व्यापारी आवाजात विचारलं, "अरे, ह्या बैलाचा भाव काय?"

श्रीपतीनं हौशीरामाकडे बघितलं. मग त्यानं घोंगडीवरची आपली काठी उचलली, बाजूला सरकला, आणि म्हणाला, "ह्यो आमच्या दावनीचा हाय, बाई. इकायचा न्हाई."

हौशीराम तिथेच, घुंगरांसकट, घोंगडीवर बसला आणि लहान पोरासारखा रडला. वस्तरा मी दुसऱ्या दिवशी मागितला.