आतलं पॅड

त्या मिस्त्रीला सगळे पाठीमागे 'नाकमुरडे' म्हणत, आणि ते काही उगाच नव्हे. दुसऱ्याचा हात लागलेली गाडी समोर आली की याचं नाक आपोआप वर जायचं. नट पाहिला की शी, वायर पाहिली की शी. तीस वर्षांत या धंद्यात त्याला धड माणूस असा एकच भेटला होता, आणि तो रोज सकाळी दाढी करताना आरशात दिसायचा.

त्या दिवशी ताईची गाडी आली. गाडी सोळा वर्षांची, ताई साठी ओलांडलेली. भावोजींना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यायचं, आणि दवाखाना लांबलचक उताराच्या पार तळाशी. ब्रेक दाबला की पुढून खरखर येते, गाडी उजवीकडे ओढते, असं ती महिनाभर फोनवर सांगत होती. धूळ असेल म्हणून यानेच तिला दोनदा वाटेला लावलं होतं. उद्या पुन्हा भावोजींची पाळी होती.

डाव्या चाकाच्या फटीतून बॅटरी मारली तर ब्रेकचं बाहेरचं पॅड चांगलं निम्मं शिल्लक. दुसऱ्या कुणी तेवढ्यावरच गाडी सोडून दिली असती. याने चाक उतरवलं, पॅड डिस्कवर दाबणारा कॅलिपर उचलला, आणि आतलं पॅड हातात येताच त्याच्या तोंडून शिवी निघाली. पॅड कसलं, नुसता पत्रा! लोखंडावर लोखंड घासून डिस्कला आतल्या बाजूने चर पडले होते. एवढे दिवस दोन म्हातारी माणसं तो उतार असल्या ब्रेकवर उतरत होती.

एकाच चाकाचं आतलं पॅड संपलं आणि बाहेरचं टिकलं, म्हणजे कॅलिपर सरकत नाही. तो दोन पिनांवर मागेपुढे सरकायला हवा. पिन अडकली की सगळा मार आतल्या पॅडवर. त्याने खालची पिन ओढली. ढिम्म. पिळून पिळून शेवटी बाहेर आली ती काळ्या चिकट राडीने माखलेली, रबर टम्म फुगलेलं. ती राड त्याने बोटाने चोळून पाहिली. बेअरिंगचं ग्रीस! त्याने ब्रेकचं रबर फुगतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

मग त्याच्या तोंडाचा पट्टा सुटला. मोठ्या वर्कशॉपातले इस्त्रीच्या कपड्यांतले मिस्त्री, नाक्यावरचा ऐतखाऊ गॅरेजवाला, सगळ्यांचा उद्धार झाला. माणसांच्या जिवाशी खेळतात, यांच्या हातात पाना दिला कुणी, जेवण तरी कसं जातं यांना.

ताई स्टुलावर बसून ऐकत होती.

"या गाडीला तुझ्याशिवाय कुणाचा हात लागलाय?" तिने विचारलं.

दोन वर्षांपूर्वी पॅड त्यानेच बदलली होती. ब्रेकचं ग्रीस संपलं होतं, आणायला कोण जाणार म्हणून समोरच्याच डब्यात बोट बुडवून पिनांना फासलं होतं. आता ते लख्ख आठवलं, आणि स्वतःच्या हातांची त्याला अशी किळस आली की ते कुठे पुसावेत ते कळेना.

संध्याकाळपर्यंत तो खाली मान घालून राबला. दोन्ही बाजूंच्या डिस्क, पॅड, पिना, रबरं, सगळं नवं घातलं. ग्रीस या वेळी स्वतः जाऊन योग्य तेच आणलं. उतारावर दोनदा गाडी नेऊन आणली. सरळ थांबत होती.

"माझ्याच हातून झालं, ताई."

"कळलं मला." तिने किल्ली घेतली. "पुढच्या खेपेला दुसऱ्या कुणाला दाखवीन म्हणते. राग मानू नकोस. ह्यांना घेऊन उतरायचं असतं."

राग कुठला! तिचं बरोबरच होतं. त्याने मान हलवली.

"मग कुणाकडे नेऊ? तू सांगशील तिथे नेते."

तो आठवू लागला. या धंद्यातल्या एकूण एकाला त्याने ताईसमोरच कधी ना कधी गाढव म्हटलं होतं. ताई दार उघडं धरून थांबली होती, आणि त्याला एकही नाव घेता येईना.