डब्यावर कोरलेलं नाव

काल माळा आवरताना लेकीचा शाळेतला स्टीलचा डबा सापडला, झाकणावर आमचं आडनाव कोरलेला, आतून अजून लोणच्याचा पुसट वास येणारा, आणि घाटकोपरच्या त्या शाळेचा जिना आठवला. लेक तेव्हा तिसरीत होती. पाचवा डबा हरवला म्हणून सकाळी मी तिला फटका दिला होता आणि दुपारी तणतणत शाळेत गेले. तिथल्या शिपाई मावशींनी कपाट उघडलं, तर आमच्या नावाचे पाचही डबे घासूनपुसून एकावर एक ठेवलेले. "रोज मी तिच्या हातात देते हो," मावशी म्हणाल्या, "पण कबूतर दिसलं की डबा खिडकीत ठेवते नि तशीच निघून जाते. मग आठवलं की जिन्यात बसून रडते. मस्ती नाय ती, ताई. मारू नका, डॉक्टरला दाखवा." पुढे डॉक्टरांनी नीट तपासून एडीएचडी असल्याचं सांगितलं, आणि आमच्या घरातली रोजची रडारड हळूहळू थांबली. आता लेक कॉलेजला जाते, अजूनही डबा विसरते, पण रडत नाही. तिला सगळ्यात आधी ओळखलं ते त्या मावशींनी. आणि डब्याडब्यावर नाव कोरून घेणाऱ्या मला त्यांचं नाव विचारायचंही सुचलं नाही.