आज माहा उपास हाय

आमच्या घरात उपास फार. चतुर्थी, एकादशी, सोमवार, गुरुवार हे तर आहेतच, पण त्याशिवाय एक उपास असा, की त्याला ना वार, ना तिथी. आपण कुणाच्या दारात उभे आहोत त्यावर तो ठरायचा. ज्यांच्या घरचं पाणीही आपल्याला चालत नाही अशा घरी कामानं जावं लागलं आणि त्यांनी चहा विचारला, की आई पदर सावरून गोड आवाजात म्हणायची, "नाई बाई, आज माहा उपास हाय." बाहेर पडल्यावर मला समजवायची, "असं सांगतलं म्हंजे कोनाचं मन दुखत नाई."

आता उपासाला चहा चालतो हे अकोल्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. खऱ्या उपासाच्या दिवशी आईचाच सकाळपासून चार वेळा चहा व्हायचा. पण खोटं बोलायचं तर निदान नीट बोलावं, एवढेही कष्ट आमच्या घरानं कधी घेतले नाहीत. समोरच्याला कळलं तरी तो काय बोलणार आहे, हा तोरा.

आईची ब्लाऊज शिवणारी बाई मुसलमान. आमच्या मागच्याच गल्लीत राहते. हात असा, की आई दुसऱ्या कुणाला माप देत नाही. वीस वर्षं तिच्याकडे जाते, अंगाला माप लावून घेते, तिनं शिवलेलं अंगावर घालून देवळात जाते. तिच्या हातची शिवण चालते, तिच्या हातचा चहा चालत नाही. हे कोणत्या पोथीत लिहिलंय, मी एकदा विचारलं होतं. "तू लय शिकली," एवढंच उत्तर मिळालं.

शिकले खरी. अमरावतीला शिक्षिका झाले, वर्गात पोरांना समतेवर निबंध लिहायला लावते. सुट्टीत मात्र अकोल्याला माहेरी यायचं, आईच्या हातचं खायचं आणि तोंड बंद ठेवायचं. असली समता फुकटात कुणीही सांभाळील.

दादाला मुलगा झाला आणि घराला देवच सापडला. हिवरखेडच्या वावराचा एकुलता वारस! तीन वर्षांचा असताना त्यानं भांडेवाल्या बाईला लाथ मारली. ती कंबर धरून खाली बसली, आणि माझी आई कौतुकानं म्हणते, "वाघ हाय माहा, वाघ!" दादानं त्याला दुसऱ्यांदा मारायला सांगून व्हिडिओ काढला. वहिनी हसली. लोक म्हणतात, पोरं दांडगी कशी निपजतात कोण जाणे. अरे, कोण जाणे काय? आडात आहे तेच पोहऱ्यात येणार.

आजीचं बोट धरून तो शिवणवालीकडे जायचा. तिथला उपास त्यानं दहादा ऐकला, दुसऱ्या दोन-तीन घरीही ऐकला, आणि पोरानं आपल्या अकलेनं हिशेब जुळवला, की जगात उपासवाले नावाचे काही लोक असतात. एकदा नळ दुरुस्त करायला माणूस आला, तर हा भर बैठकीत विचारतो, "आजी, हा उपासवाला हाय का?" घर हसून हसून लोळलं. दादानं तो किस्सा पुढे प्रत्येक लग्नात सांगितला. पोराला कुणी सांगितलं नाही, की बापा, तू म्हणतोस तसं काही नसतं. सांगणार कसं? पोरगा चुकला कुठं होता? हसणाऱ्यांत मीही होते. मला त्याची आजही लाज वाटते.

पाचवीत शिवणवालीची पोरगी त्याच्या वर्गात आली. पोरगी हुशार, शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसणारी. तिनं डबा उघडला, की हा उठून हात जोडायचा आणि आजीच्या आवाजात म्हणायचा, "नाई बाई, आज माहा उपास हाय." आधी तो एकटा, मग त्याचा बाक, मग अर्धा वर्ग. तिनं खोडरबर दिलं तरी उपास, तिच्याशेजारी बसायची पाळी आली तरी उपास. पुढे आडनावं विचारून त्यानं आणखी दोन-तीन पोरं उपासवाली ठरवली. ती पोरं आपल्यावरची पाळी चुकवायला तिच्यापुढे सगळ्यांत मोठ्यानं हात जोडायला लागली. पोरगी आधी डबा आणेनाशी झाली, मग तिचं पोट दुखायला लागलं, मग ती शाळेतच येईनाशी झाली.

शाळेनं दादाला बोलावलं. "तू मास्तरीन हायस, तू बोल," म्हणून त्यानं मला अमरावतीहून बोलावून सोबत नेलं. मुख्याध्यापिका बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अहो, मुलं उपास म्हणतात यात शिवी कुठं आहे? आपली संस्कृतीच आहे ती." दादा खुर्चीत फुलला. "पाहा! माह्या पोट्ट्यानं मारलं का कोनाले?" धन्य ती शाळा आणि धन्य हा बाप.

व्हरांड्यात वर्गशिक्षिकेनं मला बाजूला घेतलं. "ताई, बारा दिवस झाले ती आली नाही. परीक्षा तोंडावर आहे. नंबरात येईल अशी तीच एक मुलगी आहे माझ्या वर्गात. काहीही करा, पण तिला परत आणा."

घरी येऊन मी भाच्याला समोर उभं केलं. "काहून केलं बे असं?"

"मी काय केलं? आजी बी तसंच म्हनते."

"आजी मोठी आहे."

"मंग मी मोठा झाल्यावर म्हनू?"

आई शेंगा सोलत बसली होती. तिला म्हटलं, हे तू शिकवलंस. ती शांतपणे म्हणाली, "मी जन्मात कोनाले वाईट बोलली नाई. देवाचं नाव घेऊन नाई म्हनते, त्यात काय पाप हाय?" असल्या साळसूदपणापेक्षा शिव्या बऱ्या.

संध्याकाळी मी शिवणवालीकडे गेले. चहा मागून प्यायचा, असं ठरवूनच गेले होते. एका कपात मावेल एवढं माझं पुरोगामीपण! ती मशीनवर बसली होती. मला बघून उठली नाही, पाय चालूच राहिले. मी म्हटलं, मुलीला भेटायचंय.

"पातूरले गेली. मामाच्या घरी. तिथल्याच शाळेत नाव टाकलं."

"अहो, पण परीक्षा..."

"परीक्षा तं गेलीच ना ताई आता."

दहा वर्षांची पोर आईवेगळी राहायला गेली होती. मी माफी मागायला लागले, पोरगा लहान आहे, समजत नाही, वगैरे. तिनं मशीन थांबवली.

"त्याले काही बोलू नका. मी का येडी हाव? उपासाले चहा चालते, हे मले वीस वर्सांपासून मालूम हाय. पन पोरगी विचारे, अम्मी, त्या काकू आपल्या घरचं काहून पेत नाई? मी सांगत होती, बेटा, लय देवधर्माच्या हायेत त्या, त्यायचा उपास असते. पोरगी तुमच्या आईसाठी खजूर काढून ठेवे. उपासाले चालते म्हून. मागच्या रमजानात तिनंच देल्ले त्यायच्या हातात."

ते खजूर आईनं कोपऱ्यावरच्या गाईला घातले होते. मी सोबत होते.

"मंग शाळेत तुमच्या पोरानं तिले उपास काय असते थे सांगतलं. घरी आली, दप्तर फेकलं, आन मले म्हने, अम्मी, तू माह्यासंग खोटं काहून बोलली?" तिनं डोळे पुसले नाहीत. "आता काय सांगू मी तिले? तुमी शिकलेल्या हा, तुमीच सांगा."

तिनं आईचं शिवून झालेलं ब्लाऊज पिशवीत घालून माझ्या हातात दिलं, आणि यापुढे दुसरीकडे बघा म्हणाली. चहा तिनं विचारला नाही.

घरी आले तर भाचा टीव्हीपुढे जेवत होता. आईनं पिशवी घेतली, ब्लाऊज उलटून शिवण पाहिली, आणि पोरीचं काय झालं ते न विचारता म्हणाली, "तिथं काही खाल्लं-पेलं नाई ना?"

"नाही."

"बरं केलं."

भाचा टीव्हीवरून नजर काढून माझ्याकडे बघून हसला. आपल्या माणसाकडे बघून हसतात तसा.