कोरड्या भांड्यात धार

भागीरथी मामी गाईच्या कासेशी बसली होती आणि मी सॅम्पलच्या बाटल्या, सील आणि रजिस्टर घेऊन तिच्यासमोर उभा होतो. मी आज जो काही आहे तो या बाईमुळे. आईवडील दर वर्षी सहा महिने ऊसतोडीला जायचे. मामीनं मला आपल्या घरी ठेवून घेतलं, शाळेत घातलं आणि माझ्याच पाटीवर स्वतःही अक्षरं गिरवली. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. दूध संघात केमिस्ट म्हणून लागलो तेव्हा वाडीत पेढे तिनं वाटले. आणि आता तिच्या दुधात पाणी आहे का, हे बघायला मी आलो होतो. शेजारी आमचे मॅनेजर कुलथे साहेब उभे होते.

ही वेळ कशी आली ते सांगतो.

गावोगावच्या दूध सोसायट्यांचं दूध कॅनमधून संघाच्या चिलिंग सेंटरला येतं. ते टाकीत जाण्याआधी त्याचं सॅम्पल माझ्या टेबलावर यायचं. मी दोन गोष्टी बघायचो. एक फॅट, म्हणजे स्निग्धांश. दुसरी एसएनएफ, म्हणजे फॅट आणि पाणी वगळून दुधात जे उरतं ते. जनावराला पोटभर मिळालं नाही की एसएनएफ उतरतो. त्या दुष्काळात पाटोद्याच्या बाजूची जनावरं उसाच्या वाढ्यावर, म्हणजे शेंड्याच्या पाल्यावर, जगत होती, म्हणून सगळ्याच गावांचे आकडे उतरले होते. पण सगळ्यांत जास्त उतरले आमच्या वाडीचे.

कुलथे साहेबांनी केबिनमध्ये बोलावून विचारलं तेव्हा मी जराही अडखळलो नाही.

"साहेब, चारा नाही म्हणून आकडे उतरलेत. आमची वाडी दुधात पाणी घालत नाही. तालुक्यात कुणालाही विचारा."

हे मी मनापासून बोललो. आमची वाडी जनावरं पाळणाऱ्यांची. बाजारात 'वाडीचं दूध' म्हटलं की गिऱ्हाईक बोट बुडवून बघत नसे. कॉलेजच्या होस्टेलवर इतर पोरं आपापल्या गावचे किल्ले आणि पुढारी सांगायची. माझ्याकडे सांगायला दूध होतं. इंग्रजी येत नव्हतं, कपडे दोनच होते, पण वाडीचं नाव घेताना मान ताठ असायची.

साहेबांनी दुसरा कागद पुढे सरकवला. तो क्रायोस्कोप नावाच्या मशीनचा रिपोर्ट होता. दूध पाण्यापेक्षा जरा जास्त थंडीत गोठतं. जनावर उपाशी असलं तरी दुधाचा गोठायचा बिंदू फारसा हलत नाही. पाणी मिसळलं की मात्र हलतो. वाडीचा हलला होता.

"तुम्ही खात्री देताय ती दूध तपासून देताय," साहेब म्हणाले, "का वाडी तुमची म्हणून देताय?"



नियम साधा होता. भेसळ ठरली तर सोसायटी बंद. त्या वर्षी शेतात काही नव्हतं. दर दहा दिवसांनी येणाऱ्या दुधाच्या पगारावर वाडीतल्या चुली पेटत होत्या. सोसायटी बंद झाली असती तर लोकांनी जनावरं बाजारात नेली असती आणि ती परत आली नसती.

एकच तपासणी उरली होती, गोठा चाचणी. आपल्यासमोर धार काढायला लावायची, ते सॅम्पल सील करायचं आणि सोसायटीत येणाऱ्या दुधाशी ताडून बघायचं. साहेब म्हणाले, दुसऱ्या कुणाला पाठवतो. मी म्हणालो, मीच जातो. ते म्हणाले, मग मीही येतो. सुरुवात मी मामीच्या गोठ्यापासून केली, कारण तिच्याविषयी माझी सगळ्यांत जास्त खात्री होती.

तर संध्याकाळची धार. मामीनं चरवी मांडीत धरली, गाईच्या पाठीवरून हात फिरवला आणि मान वर न करता म्हणाली, "बाळू, वाटी."

माझा हात आपोआप कोनाड्यात गेला. तिथली पितळी वाटी उचलून मी रांजणात बुडवली आणि चरवीवर कलती केली. लहानपणी रोज दोन वेळा मी हेच करत होतो. पाणी चरवीच्या तळाशी पडलं आणि त्याच्या आवाजानं मला जाग आली.

साहेब बघत होते.

"मामी, हे पाणी कावून?" मी विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं.

"कावून म्हंजे? कोऱ्या भांड्यात धार काढली तर गाय आटती. माझ्या सासूच्या सासूपासून हाय हे. टँकर आठ दिसांनी येतोय, तरी गाईच्या वाटीचं पानी मी येगळं ठिवते."

तिच्या चेहऱ्यावर अपराधाची छटाही नव्हती. का असावी? तिच्या लेखी ते दुधात घातलेलं पाणी नव्हतंच.

मी सॅम्पल घेतलं. मग मामीला हातापाया पडून दुसऱ्या गाईची धार कोरड्या भांड्यात काढायला लावली. त्याचंही सॅम्पल घेतलं. हिशोब तिथंच डोक्यात बसला. सुगीच्या वर्षी गाय वेळेला पाच लिटर द्यायची. त्यात वाटीभर पाणी लॅक्टोमीटरला समजायचं नाही. आता गाय लिटरभर देत होती, पण वाटी तेवढीच होती.

दुसऱ्या दिवशी दोन्ही सॅम्पलं तपासली. कोरड्या भांड्यातलं दूध चोख होतं. वाटीच्या दुधात पाणी होतं.

साहेबांनी वाटी पाहिली होती, तरी रिपोर्ट लिहिणं माझ्यावर सोडलं. 'चाराटंचाई' एवढा एक शब्द लिहून मला वाडी वाचवता आली असती, निदान काही दिवस. मी दोन्ही आकडे लिहिले, वाटीही लिहिली आणि शेवटी विनंती केली की सोसायटी बंद करण्याआधी एक आठवडा द्यावा. साहेबांनी सही केली. म्हणाले, "आठवडाच."

त्याच दिवशी मारुतीच्या पारावर बैठक झाली. मी सगळं सांगितलं. सोसायटीचे चेअरमन किसनराव उभे राहिले. बोलणं त्यांचं, पण अर्धी वाडी माना डोलवत होती. सात पिढ्यांत या वाडीनं दुधात पाणी घातलं नाही, दोन बुकं शिकून भाचा आम्हालाच भेसळवाले म्हणतो, याचं मीठ आळणी निघालं, असं ते बोलले. मी खाली बघत होतो.

मागून मामी उठली.

"मी घालते. रोज घालते," ती म्हणाली. "तुमची कारभारीन बी घालती, च्यारमन. घरी जाऊन इचारा. तुमी कदी धारंला बसलाव का?"

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मग पुरुषही हसले. किसनराव बसले.

"मग काय, रीत सोडायची?" कुणीतरी विचारलं.

मामी म्हणाली, "रीत कशाला सोडायची? पानी गाईच्या नावाचं हाय न्हवं? गाईच्या पायावर घालू. भांडं कोरं ठिवू. आटली तर माझी पयली आटंल."

दुसऱ्या दिवसापासून सगळ्या वाडीत वाटी गाईच्या पायावर रिकामी होऊ लागली. मामीची गाय आटली नाही. आठवड्यानं क्रायोस्कोपनं वाडीचं दूध चोख दाखवलं. एसएनएफ कमीच होता, पण तो दुष्काळाचा होता आणि तसा शेरा मी निर्धास्तपणे लिहिला. सोसायटी चालू राहिली.

नोकरीत नंतर पुष्कळ गावं तपासली. प्रत्येक गावाला स्वतःच्या दुधाचा अभिमान असतो. त्याला माझी हरकत नाही, मलाही आहे. फक्त त्याचंही अधूनमधून सॅम्पल काढावं, आणि ते आपल्याच गोठ्यापासून.

पुढच्या पावसाळ्यात ट्रेनिंगला गेलो असताना मामीला पत्र पाठवलं. ते असं:

तीर्थरूप मामीस,
बाळूचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुला वाचता यावं म्हणून अक्षर मोठं काढलं आहे. कुणाकडून वाचून घेऊ नको, तूच वाच.

इथं पहिल्या दिवशी सगळ्यांनी आपापलं गाव सांगितलं. मी वाडीचं नाव सांगितलं आणि वाटीची गोष्टही सांगितली. आधी सगळे हसले. तू पारावर काय बोललीस ते सांगितल्यावर हसणं थांबलं. एकानं ते वहीत उतरवून घेतलं.

मामी, वाडीत जन्मलो यात माझं कर्तृत्व काही नाही. चांगलं दूध गाईंनी दिलं आणि तुम्ही बायकांनी काढलं. मी नुसता त्याचं नाव सांगत फिरत होतो. पण त्या दिवशी खरा रिपोर्ट लिहिला तेव्हा मीही वाडीच्या कामी आलो, असं मला वाटतं. आता नाव घेताना मान ताठ असते, आणि आत भीती नसते.

वाटी कोनाड्यातच राहू दे. पोळ्याला येतो आहे. त्या दिवशी गाईच्या पायावर पाणी मी घालीन.

तुझा,
बाळू