बर्फासाठी घेतलेला ट्रक

श्रीधरकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी गॅस स्टेशनवर माझ्या पिकअप ट्रकला टेकून उभा होतो. मिनेसोटातल्या ईडन प्रेरीतला मार्च, बोटं गारठलेली, एका हातात नळी, दुसऱ्या हातात फोन. "निनाद, हे गेले रे सकाळी," शैलाकाकू म्हणाल्या. मी "निघालोच" म्हटलं, फोन खिशात टाकला आणि ट्रककडे बघत राहिलो. याच ट्रकबद्दल मी काकांशी खोटं बोललो होतो. एकदा नाही, जवळजवळ अडीच वर्षं. संध्याकाळपर्यंत आमच्या ग्रुपवर मेसेजचा पाऊस पडला, आणि त्यात माझाही एक होता… "मार्गदर्शक हरपला." मार्गदर्शक! कुठल्या तोंडाने लिहिलं मी ते, देव जाणे. सहा आठवडे झाले, तो शब्द अजून टोचतोय.

काका मूळचे नागपूरचे. चाळीसेक वर्षांपूर्वी मिनेसोटात आले आणि शेतीची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात ट्रेलरचे आस आणि जोड डिझाइन करता करता रिटायर झाले. रविवारी सकाळी त्यांच्या गराजचं दार उघडं असायचं. कुणाचा स्नो ब्लोअर अडलाय, कुणाच्या मुलाच्या सायकलची चेन उतरलीय, आम्ही सगळी सॉफ्टवेअरवाली मंडळी आपापली मोडकी वस्तू घेऊन तिथे उभी. आम्हाला खिळा सरळ ठोकता येत नाही, पण मत मात्र प्रत्येक गोष्टीवर असतं. काका ऐकून घ्यायचे. "हो का बाप्पा!" म्हणायचे आणि हातातलं काम पूर्ण करायचे. मी पुण्याचा, म्हणजे मला सगळंच येतं. त्यांना माझी ही खोड ठाऊक होती आणि तरी मी त्यांचा लाडका होतो, हे आता लिहिताना जास्त लाज वाटते.

तीन उन्हाळ्यांपूर्वी मी तीस फुटी ट्रॅव्हल ट्रेलर घेतला. आत दोन बेडरूम, ओटा, बाथरूम, सगळं. सासूसासरे पुण्याहून यायचे होते, त्यांना साउथ डकोटाचे डोंगर दाखवायचे होते, आणि खरं सांगायचं तर सासऱ्यांना जावई दाखवायचा होता. ओढायला आमची सात सीटची एसयूव्ही होतीच. डीलरने ब्रोशरवर बोट ठेवून सांगितलं, एवढे एवढे पौंड ओढते, ट्रेलर त्याहून हलका आहे. मी एक्सेल शीट केलं, हिरव्या रंगाने रंगवलं आणि सही केली. ट्रेलरचं ते वजन रिकाम्या ट्रेलरचं असतं, हे मी वाचलं होतं. वाचलं आणि सोडून दिलं.

निघायच्या दोन दिवस आधी ड्राइव्हवेमध्ये ट्रेलरची पूजा ठेवली. आमच्याकडे नवी गाडी आली की ती होतेच, मग ट्रेलरला का नको? आठ कुटुंबं जमली. माझी बायको मृणाल हिने दांड्यावर स्वस्तिक काढलं, सासऱ्यांनी नारळ फोडला, पेढे वाटले. आणि तेवढ्यात काका आले… एका काखेत लाकडी फळी, दुसऱ्या काखेत त्यांच्या बाथरूममधला वजनकाटा, मागे एक वीट घेऊन शैलाकाकू. सगळे हसायलाच लागले. काकाही हसले. "अबे, प्रसाद नंतर. आधी याची टंग मोजू," म्हणाले. टंग म्हणजे ट्रेलरचा पुढे आलेला तो दांडा, जो गाडीवर टेकतो. फळीचं एक टोक विटेवर, दुसरं काट्यावर, दांड्याचा पाय विटेजवळ एक तृतीयांशावर ठेवायचा. काट्यावर जे येईल त्याच्या तिप्पट वजन गाडीच्या मागच्या अंगावर बसतं. इतकं सोपं. त्यांनी माझ्या गाडीचं दार उघडून आतल्या कडेचा स्टिकरही वाचला, ज्यावर माणसं आणि सामान मिळून गाडी किती भार घेऊ शकते ते लिहिलेलं असतं. मी तीन वर्षं ती गाडी चालवत होतो, तो स्टिकर कधी पाहिला नव्हता.

"पाच माणसं, टपावरची पेटी, आणि ही टंग… नाही जमून राहिलं निनाद," ते हळूच म्हणाले. मी म्हटलं, "काका, डीलर म्हणाला ओढेल." "ओढेल रे. ओढायचा प्रश्नच नाही. पेलेल का, ते विचार. बैल किती तगडा आहे ते नको पाहू, मानेवर जू किती बसतं ते पहा." एवढं त्यांनी मला एकट्याला, बाजूला घेऊन सांगितलं होतं. मी मात्र वळलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो. सासरे बघत होते ना! "काका, तुमचं बैलगाडीचं गणित इथे चालत नाही हो. आणि तुम्हाला विचारलंय कुणी? पेढा घ्या, वजनाची काळजी करू नका." लोक हसले. कुणीतरी "वजनकाका!" म्हणालं आणि ते नाव तिथेच चिकटलं. काकांनी पेढा घेतला. फळी उचलली, काटा काखेत मारला आणि जाता जाता माझ्या दंडावर हात ठेवून म्हणाले, "बरं, एक ऐक. मागून डोलायला लागला तर गाडीचा ब्रेक नको दाबू. ट्रेलरच्या ब्रेकची ती छोटी कळ आहे ना डॅशखाली, ती बोटाने हळूहळू दाब. फक्त ती." मी "हो हो" म्हणालो आणि फोटो काढायला वळलो.

आता माझी खरी अक्कल ऐका. मनात पाल चुकचुकली होतीच, म्हणून आदल्या दिवशी मी एक्सेल परत उघडलं. टंगवर वजन जास्त होतंय? मग सामान मागे सरकवू, दांडा हलका होईल! सासूबाईंच्या पिठाच्या पिशव्या, इडलीचा ग्राइंडर, दोन कुकर, कॅम्पच्या पाण्याचा भरवसा नाही म्हणून घरून भरून घेतलेले पाण्याचे कॅन, सगळं शेवटच्या बेडरूममध्ये पलंगाखाली. शीट पुन्हा हिरवं झालं. ट्रेलर मागून जड केला की तो शेपटीसारखा हलतो, हे काकांना विचारलं असतं तर त्यांनी एका वाक्यात सांगितलं असतं. पण विचारणार कोण? मी?

साउथ डकोटात इंटरस्टेटवर उतार होता, बाजूने वारा होता, आणि एक लांबलचक ट्रक आम्हाला ओलांडून गेला. आधी आरशात ट्रेलर थोडा डावीकडे गेला, मग उजवीकडे, मग इतका डावीकडे की मला त्याची पूर्ण बाजू दिसली. स्टिअरिंग माझं राहिलंच नाही. गाडीचं मागचं अंग ट्रेलर नेईल तिकडे जात होतं. सासूबाई "अगं आई गं" म्हणत होत्या, मृणालने डोळे मिटले होते, माझा पाय ब्रेकवर गेला… आणि दंडावर तो हात आठवला. फक्त ती कळ. मी पाय उचलला, बोट सरकवलं. ट्रेलर मागून ओढला गेला, कडेच्या लोखंडी कठड्याला करकरत घासला, आणि सरळ झाला. रस्त्याच्या कडेला गाडी उभी केली आणि इंजिन बंद केलं.

"काय झालं?" सासऱ्यांनी विचारलं. "वारा," मी म्हणालो. अकरा वर्षांची माझी रेवा मागे रडत होती. "Kaka told you, Baba." तिला बाजूला घेऊन मी सांगितलं की बेटा, हे सगळ्यांना सांगायची काही गरज नाही. "So we're lying to Kaka?" मी म्हटलं, लाय नाही, आपण फक्त बोलायचं नाही. पाणी ओतून दिलं, सामान पुढे आणलं आणि रांगत रांगत मुक्कामाला पोहोचलो. त्या संध्याकाळी मी ग्रुपवर फोटो टाकला. डोंगर, ट्रेलर, सासरे, हसरे चेहरे. खाली लिहिलं, "एकदम मख्खन ड्राइव्ह! वजनकाका, पोहोचलो हो!" ज्या माणसाच्या एका वाक्यावर आम्ही पाचही माणसं जिवंत होतो, त्याला मी हे लिहिलं. काकांनी उलट लिहिलं, "वा! सुखरूप असा."

परतल्यावर दुसऱ्याच दिवशी ते आले. ट्रेलरच्या अंगावर लांब चरा होता. "कॅम्पमध्ये झाडाला लागला," मी म्हणालो. काकांनी चऱ्यावरून बोट फिरवलं, बोटाला लागलेली राखाडी पूड पाहिली, अंगठ्याने चोळली. "झाडाला?" "हो." "बरं," म्हणाले. घरी जाऊन पॉलिशचा डबा आणि फडकं घेऊन आले आणि उन्हात दोन तास तो चरा घासत बसले. मी त्यांना लिंबूसरबत नेऊन दिलं. तेवढं केलं.

त्याच हिवाळ्यात मी निमूटपणे एसयूव्ही विकून हा मोठा पिकअप घेतला. घेताना दार उघडून आधी स्टिकर वाचला, ट्रेलर भरून मालट्रकांच्या वजनकाट्यावर नेला, टंग मोजली. जसं काकांनी सांगितलं होतं अगदी तसं. आणि ग्रुपवर लिहिलं, "इथल्या बर्फाला कंटाळलो यार, घेतला ट्रक." काका बघायला आले. ट्रकभोवती एक फेरी मारली, ड्रायव्हरचं दार उघडलं, कडेला वाकून चष्म्यातून वाचलं. "चांगला आहे," म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "बर्फासाठी." मी म्हटलं, "हो, बर्फासाठीच." त्यानंतर गराजचं दार रविवारी उघडं असायचं, पण काका आपणहून कुणाला काही सांगेनासे झाले. विचारलं तर सांगायचे, आणि शेवटी म्हणायचे, "बाकी तुम्ही लोक शिकलेले आहात." वजनकाका हे नाव पोरंसोरंही घेऊ लागली होती. मी एकदाही कुणाला थांबवलं नाही.

शेवटचा भेटलो तेव्हा ते घरीच होते, खिडकीजवळच्या पलंगावर, फार बारीक झालेले. मी गाडीत ठरवून गेलो होतो की आज सांगायचं. वीस मिनिटं बसलो. हवेबद्दल बोललो, व्हिसाबद्दल बोललो, रेवाच्या शाळेबद्दल बोललो. मग त्यांनीच विचारलं, "ट्रक कसा आहे रे?" इतकं दार उघडून दिलं त्यांनी. मी म्हटलं, "मस्त, काका." "बर्फात?" … "हो, बर्फात." त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. मी उठून आलो.

तेराव्यानंतर शैलाकाकूंनी बोलावलं, गराज आवरतेय, येऊन जा. दाराशीच तो वजनकाटा भिंतीला उभा होता, शेजारी फळी आणि वीट. "हा इथे?" मी विचारलं. काकू म्हणाल्या, "तुझ्या पूजेहून आले त्या दिवसापासून इथेच आहे. मी म्हटलं बाथरूममध्ये ठेवा, तर म्हणाले, राहू दे, निनाद येईल मोजायला. मी दुसरा घेऊन आले शेवटी." मला बसायला काही दिसेना, मी विटेवरच बसलो. सगळं सांगितलं. कठडा, ती कळ, रेवा, फोटो, बर्फ. काकू कपाटातले डबे काढत ऐकत होत्या. "त्यांना माहीत होतं," त्या म्हणाल्या. "चरा पाहिला त्याच दिवशी घरी येऊन म्हणाले, वाचले गं सगळे. मी म्हटलं, मग विचारा ना त्याला. तर म्हणाले, विचारायचं नाही, तो स्वतः येईल. रविवारी बेल वाजली की आधी तुझंच नाव घ्यायचे."

मी म्हटलं, "काकू, चुकलो. माफ करा." त्यांनी डबा खाली ठेवला. "मला काय सांगून राहिलास? मी ऐकून काय करू त्याचं? चार लोकांत बोलला होतास ना… मग चार लोकांत सांग." रागाने नाही म्हणाल्या. मग काटा उचलून माझ्या हातात दिला आणि पुन्हा डब्यांकडे वळल्या.

म्हणून हे लिहिलं. त्या दिवशी ड्राइव्हवेमध्ये हसलेली आठही कुटुंबं ही पुरवणी वाचतात. रेवाने मला परवा विचारलं, "Are you going to say it in Marathi? Kaka would want Marathi." काटा आता माझ्या गराजच्या दाराशी आहे. येताजाता पाय लागतो, मृणाल म्हणते आत ठेव, मी ठेवत नाही.

श्रीधरकाका, तुमचं बरोबर होतं. ट्रक बर्फासाठी घेतला नव्हता.