इंदूताईचं राहिलेलं इंजेक्शन

इंदूताई म्हातारपणानं गेली असं ज्यांनी ज्यांनी स्टेटसला टाकलंय, त्यांनी ते काढा.

ती इंजेक्शन बंद केलं म्हणून गेली.

आज वर्ष झालं. राजुरीत ताईच्या घरी तिच्या आठवणीत पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे. मी तिची सख्खी धाकटी बहीण. जाईन, गप बसेन. तिथं तोंड उघडलं तर भांडण होईल, म्हणून इथं लिहिते.

गोठ्यात पाय घसरून ताईचं मनगट मोडलं, तिथून हे सुरू झालं. एवढ्याशा पडण्यानं हाड मोडतं कसं म्हणून तपासलं, तर हाडं आतून पोकळ.

नारायणगावच्या डॉक्टर मॅडमनी नीट समजावलं. मी शेजारीच होते.

"मावशी, हाड रोज थोडं खाल्लं जातं आणि रोज थोडं भरलं जातं. खाणाऱ्या पेशी वेगळ्या, भरणाऱ्या वेगळ्या. हाडातल्या मगजात कच्च्या पेशी असतात. अंगातली वाढीची रसायनं त्यांना जगवतात. निरोप आला की त्या एकमेकीत मिसळतात आणि त्यांची खाणारी पेशी बनते. आणि हा निरोप धाडतं कोण? भरणाऱ्याच."

ताई म्हणाली, "म्हंजी गवंडीच घर पाडायला माणसं बोलावतो?"

मॅडम हसल्या. "जुनं पाडल्याशिवाय नवं कसं बांधणार? पण पाळी गेल्यावर निरोप लई वाढतात. पाडणारे जास्त, बांधणारे कमी. हे इंजेक्शन निरोप मधेच धरून ठेवतं. दर सहा महिन्यांनी घ्यायचं. मला विचारल्याशिवाय बंद करायचं नाही."

ताईनं वेळच्या वेळी घेतली इंजेक्शनं. परत पहिल्यासारखी खुरपायला जायला लागली.

मग हाडांचा रिपोर्ट नॉर्मल आला.

घरानं काय करावं? पेढे वाटले!

मी फोन केला. तिच्या पोरानं, सतीशनं उचलला.

"इंजेक्शनची तारीख उलटली की रे."

"रिपोर्ट नॉर्मल हाय मावशे. बऱ्या माणसाला कुणी सुई टोचतं व्हय?"

"मॅडमला विचारलं का?"

"तू काय डॉक्टर झाली का? सातवी नापास!"

"चौथी नापास. सातवी बघितलीय कुणी? ताईला दे फोन."

ताई हसतच बोलली. "आगं, कांदा काढणीला आलाय. माझी हाडं आता लोखंडाची झालीत. बघू नंतर."

कांदा निघाला. नंतर काही आलं नाही.

एक दिवस हंडा उचलताना पाठीत कळ आली आणि ताई जागेवरच बसली.

घरच्यांनी ठरवून टाकलं, उसण भरली. वस्तीवरच्या पायाळू बाईला बोलावलं. आपल्याकडं अजून मानतात, पायाकडून जन्मलेल्या माणसानं पाठीवर पाय फिरवला की उसण उतरते.

त्या बाईला मी बोल लावत नाही. बोलावलं, आली, पाय फिरवला, चहा पिऊन गेली.

पण हे रोज चाललं. आणि ताई रोज म्हणायची, "जरा बरं वाटतंय." मेलीला दुसऱ्याचं मन राखायची सवय जन्माची.

मला कळलं तेव्हा मीच गाडी करून तिला मॅडमकडं नेलं, सतीशलाही बरोबर घेतलं. एक्सरेत मणके एकाखाली एक दबलेले.

मॅडमनी विचारलं, "इंजेक्शन कुणी थांबवलं?"

सतीश मोबाईल बघायला लागला.

मॅडमच पुढं म्हणाल्या, "अहो, इंजेक्शन नुसता निरोप अडवत होतं. निरोप तयार व्हायचे थांबले नव्हते. इंजेक्शनचा असर गेला आणि सगळं एकदम सुटलं. आधीपेक्षा जोरात हाड खाल्लं गेलं. रिपोर्ट नॉर्मल आला होता तो इंजेक्शन चालू होतं म्हणून."

कुणाच्या घरात ही सुई चालू असेल तर हे दोनदा वाचा. बंद करायची तरी डॉक्टरला विचारून. त्याच्या जागी दुसरं औषध द्यावं लागतं.

ताईला परत उपचार सुरू केले. पण दबलेला मणका उठतो का? ती अंथरुणालाच खिळली. मग छातीत कफ धरला.

शेवटी शेवटी मला म्हणाली, "खरं सांग, मी परत उठून बसंल का गं? माझ्या हातानं कपबशी धरून चा प्यायचाय."

खोलीतले सगळे एका सुरात, "बसशील की! आठ दिवसांत!"

मी म्हणाले, "न्हाई बसणार ताई."

सतीशनं मला दंडाला धरून बाहेर काढलं. मावशीनं आईचा धीर घालवला, असं तो अजून सांगत फिरतो.

फिरू दे. आतून ताईचा आवाज आला तो त्यानंही ऐकलाय.

"तिला आत बोलवा. बाकीचे जावा."

मी चमच्यानं चहा पाजला.

भावपूर्ण श्रद्धांजली बाकीच्यांनी लिहिलीच आहे. माझ्याजवळ आज नुसता राग आहे. पोरावर आहे आणि ताई, तुझ्यावरसुद्धा आहे.

तो उतरला की वाहीन श्रद्धांजली.

जय भीम, ताई.