सोबत कोणीतरी आणा

बायको गेल्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात ग्राउंडहॉगने माझा दोडक्याचा वेल तिसऱ्यांदा खाल्ला आणि मी बंदूक घ्यायचं ठरवलं. आपल्याकडची घूस खाऊनपिऊन मांजराहून मोठी झाली की तिचा ग्राउंडहॉग होतो. पिंजरा लावून झाला, तिखट फवारून झालं. पठ्ठ्या तिखटासकट जेवून गेला. आमचं घर इकडे परदेशात, ॲन आर्बर शहराच्या बाहेर, दोन एकरांवर. तिथे असल्या जनावरावर बंदूक चालवायला मुभा आहे, हे मी आधी फोन करून विचारून घेतलं होतं.

मग गेलो दुकानात. बारीक गोळीची एक नवी, स्वस्तातली रायफल आली होती. स्वस्त म्हटल्यावर माझा पहिला संशय. ट्रॉय शहरातल्या कारखान्यात मी उभा जन्म गाड्यांच्या सुट्या भागांची तपासणी करण्यात घालवला, त्यामुळे वस्तू हातात आली की खोड काढल्याशिवाय राहवत नाही. चाप ओढून पाहिला, जरा जड होता पण अडकत नव्हता. मग खिशातल्या वाणसामानाच्या यादीचा कागद फाडून त्याची पट्टी नळी आणि प्लास्टिकचा दस्ता यांच्यामधून सरकवली. ती अर्ध्यावर अडकली. दस्ता नळीला टेकतोय, म्हणजे नळी तापली की नेम ढळणार. काउंटरवरचा पिकल्या दाढीचा माणूस खूश झाला. बऱ्याच दिवसांत माझ्यावर कोणी खूश झालं नव्हतं, त्यामुळे मी जरा जास्तच बोललो. कॉलेजात एनसीसीत रायफल चालवली होती, तेसुद्धा सांगून टाकलं.

म्हटलं, चालवून बघतो. अहो, मडकंसुद्धा आपण वाजवून घेतो. मागे त्यांची नेमबाजीची रेंज होती आणि तिथे हेच मॉडेल भाड्याने मिळत होतं. मी तिकडे निघालोच होतो, तेवढ्यात त्याने विचारलं, सोबत कोण आहे? कोणी नाही, म्हटलं. मग नाही देता येणार, तो म्हणाला. पहिल्यांदा येणाऱ्याने भाड्याची बंदूक हवी असेल तर सोबत माणूस आणायचा, असा त्यांचा नियम.

हे कसलं शहाणपण, म्हणून मी हुज्जत घातली. विकत घ्यायला एकटा चालतो, मग चालवून बघायला का नाही? त्याने आवाज खाली आणला आणि हळूच म्हणाला, "कोणालाही आणा. तुमच्या ओळखीचं कोणीतरी असेलच ना."

पार्किंगमध्ये गाडीत बसून मी फोन काढला. इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर दोनशे माणसं, रोज सकाळी फुलांचे फोटो पाठवणारी. त्यांतल्या कोणाला फोन करणार? ज्या काकूंना आरतीला बोलावता येतं, त्यांना 'चला, बंदूक बघायला' म्हणता येत नाही. गावभर बोभाटा झाला असता. पण तेही सोडा. ओळखी सगळ्या बायकोच्या होत्या. मी आपला तिच्या मागे डबा घेऊन उभा असायचो. ती गेल्यावर महिनाभर सगळ्यांनी डबे पाठवले. मग डबे बंद झाले. मीही कधी कोणाला फोन केला नाही, ते खोटं कशाला बोलू. यादी वरून खाली दोनदा पाहिली आणि मला रडू आलं.

शेवटी विमानाने दोन तासांवर, अल्फारेटाला राहणाऱ्या मुलाला फोन लावला. तो एरवी इंग्रजीतच बोलतो, रविवारी, दहा मिनिटं. मी त्याला नियमासकट सगळं सांगितलं, वैतागून, चेष्टेच्या सुरात. तो हसेल असं वाटलं होतं. पण तो मराठीत म्हणाला,

"बाबा, तो नियम कशासाठी असतो, माहीत आहे ना तुला?"

एकटा आलेला माणूस भाड्याची बंदूक स्वतःवरच चालवू शकतो, हे तोवर खरंच लक्षात आलं नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका पकडल्या, आणि त्या दाढीवाल्याने आवाज का खाली आणला ते मला कळू नये! मी घाईघाईने म्हटलं, अरे ग्राउंडहॉगसाठी रे, शपथ. ते खरंच होतं. पण आवाज रडलेला होता आणि तो त्याने ऐकला होता.

"मी येऊ?" त्याने विचारलं.

कशाला, तुझं काम बुडेल, असं म्हणायची मला सवय. ते जिभेवर आलंही होतं. मी म्हटलं, ये.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो दारात. चार दिवस राहिला. त्याने मला दुकानात जाऊ दिलं नाही. आम्ही दोघांनी वेलाभोवती जाळी पुरली, ओबडधोबडच. मी चुका काढल्या नाहीत. जेवताना तो मधेच माझ्याकडे बघत राहायचा, आणि मी बरा आहे हे त्याला पुन्हा एकदा पटवून द्यायला हवं, असं मला वाटायचं. पण दिलं नाही. पटलं असतं तर तो लवकर गेला असता.

विमानतळावर त्याने माझा हात सोडला नाही. म्हणाला, परत त्या दुकानात जायचं नाही. जायचं झालं तर तुला बोलवीन, मी म्हटलं. तो हसला नाही. मीही चेष्टा करत नव्हतो.